तुम्ही विचारलंत म्हणून: न शिवता माती कशी ओळखतात?

लग्नाच्या पंगतीत बसलं तरी कुणीतरी विचारतंच, "मंगळावर चिकणमाती आहे म्हणताय, तर जाऊन बघून आलंय कोण?" मी बेळगावात भूविज्ञान शिकवते आणि मंगळाभोवती फिरणाऱ्या यानाने टिपलेले वर्णपट, म्हणजे कुठल्या तरंगलांबीचा किती प्रकाश परतला त्याचे आलेख, वाचण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. पहिल्यांदा हे विचारलं ते खानापूरच्या माझ्या मामांनी. त्यांची कौलांची भट्टी होती. चिमूटभर माती बोटांत चोळून ती कुठल्या शेतातली ते सांगायचे. न शिवता माती ओळखतात हे त्यांना पटेना, आणि त्यांची शंका मला रास्त वाटली.

म्हणून त्यांच्याच भट्टीवरची कच्ची माती आणि एक फुटकं कौल घेऊन मी प्रयोगशाळेत गेले. तिथलं यंत्र वस्तूवर प्रकाश टाकतं आणि कुठल्या तरंगलांबीचा किती परत आला ते मोजतं. कच्च्या मातीच्या आलेखात २.२ मायक्रॉनपाशी (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खळगा होता. हा प्रकाश अवरक्त, डोळ्यांना न दिसणारा. मातीतल्या खनिजात अ‍ॅल्युमिनियमला चिकटलेली ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी असते. तिची थरथर ठरलेली, आणि त्या थरथरीला जुळणारा प्रकाश ती शोषून घेते. कौलाच्या आलेखात तो खळगा नव्हता. पाच-सहाशे अंशांच्या पुढे ही जोडी तुटते आणि पाणी होऊन निघून जाते. मामांना दोन्ही आलेख दाखवले तेव्हा ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे भाजलेलं की कच्चं, ते ह्याला कळतंय."

मंगळावर हेच काम सूर्यप्रकाशात होतं. २००५ साली निघालेल्या मार्स रिकनिसन्स ऑर्बिटर या यानावरचा 'क्रिझम' हा वर्णपटमापक सुमारे ३०० किलोमीटर उंचीवरून, जमिनीचा १८ मीटरएवढा तुकडासुद्धा वेगळा काढून, तिथून परतलेला प्रकाश ५४४ भागांत मोजायचा. खळगा २.३ मायक्रॉनपाशी असेल, तर अ‍ॅल्युमिनियमच्या जागी लोह किंवा मॅग्नेशियम असलेली चिकणमाती. अशी माती पाण्याशिवाय सहसा बनत नाही, म्हणून तिच्यामागे एवढी धावपळ.

पण ही नजर वरच्या पापुद्र्यापुरतीच. धुळीचा पातळ थर बसला तरी खालचा खडक झाकला जातो, म्हणून वाऱ्याने साफ केलेल्या उतारांवरच आमचं लक्ष.

चंद्रावर वेगळीच अडचण आहे, आणि ती मामांना माझ्याआधी समजली. भट्टीचं तोंड उघडलं की अंधारातही गालाला झळ लागते, कारण तापलेली वस्तू स्वतःच अवरक्त प्रकाश देते. चंद्राची जमीन दुपारी शंभर अंशांच्या वर तापते. २००८ साली निघालेल्या चांद्रयान-१ वरच्या 'एम-थ्री' या उपकरणाला ३ मायक्रॉनजवळ पाण्याची, निदान ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोडीची, खूण दिसली. पण त्याची नजर तिथेच, ३ मायक्रॉनवर संपायची. जमिनीची स्वतःची झळ तो खळगा बुजवून उथळ करते. ती किती वजा करायची यावर मतभेद झाले, आणि माझ्या मते ते व्हायलाच हवे होते. चांद्रयान-२ वरचं उपकरण ५ मायक्रॉनपर्यंत बघतं. तिकडे झळ जास्त ठळक दिसते, म्हणून ती वजाही नीट करता येते.

राहिला मूळ प्रश्न, जाऊन बघितलं कुणी? माणूस गेलेला नाही. पण मंगळावरच्या जेझेरो विवरातल्या जुन्या नदीमुखात चिकणमाती आहे हे आधी कक्षेतून दिसलं होतं, म्हणून १८ फेब्रुवारी २०२१ ला पर्सिव्हरन्स हा रोव्हर, म्हणजे चाकांवर फिरणारं यंत्र, तिथे उतरवला. त्याने खडकांना भोकं पाडली आणि नमुने टायटॅनियमच्या नळ्यांत बंद केले. त्या नळ्या मंगळावरच आहेत. खानापूरला गेले की मामा अजून विचारतात, "आली काय गं माती?"