आधी टेबलाखाली वाकून बघा

२ मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी, जेमतेम वीतभर लांब. तिला बेंच ड्रिलवर (टेबल आणि खांब असलेलं भोकं पाडायचं उभं मशीन) ८ मिलिमीटरचं एकच भोक पाडायचं होतं. एका भोकासाठी कुठे क्लॅम्प शोधत बसायचं, म्हणून डाव्या हाताने दाबून धरली. भोक पडतच आलं होतं. बिटाचं, म्हणजे फिरणाऱ्या भोक पाडणाऱ्या पात्याचं, टोक खालून बाहेर आलं आणि पट्टी हातातून हिसकली गेली, बिटावर वर चढली आणि पंख्याच्या पात्यासारखी गरगरायला लागली. अंगठ्याच्या बुडाशी एक लांब ओरखडा, एवढ्यावर निभावलं. हातमोजे नव्हते हे नशीब, नाहीतर मोज्यासकट हात आत ओढला गेला असता.

असं का होतं ते नंतर समजून घेतलं. बिटाचं मधलं टोक धातू फारसं कापत नाही, रेटत असतं. आपण हँडलवर जो जोर लावतो त्यातला बराचसा तिथेच खर्च होतो. ते टोक आरपार गेलं की विरोध एकदम संपतो, पण आपला जोर तेवढाच राहतो. मग बिटाच्या दोन्ही धारा उरलेल्या पातळ कडेत खोल रुततात आणि काम, म्हणजे ज्याला भोक पाडतोय तो तुकडा, स्क्रूवर नट चढावा तसं बिटावर चढतं. म्हणजे काम धरायचं ते दोन गोष्टींसाठी: फिरू नये म्हणून आणि वर उचललं जाऊ नये म्हणून. फिरण्याचं सगळ्यांना सुचतं, वर चढण्याचं अनुभवानंतर.

घाबरलेला माणूस खरेदी करतो तशी मी केली. १०० मिलिमीटर जबड्याचा ड्रिल व्हाइस (दोन जबड्यांत काम आवळून धरणारा शिकंजा) आणि सोबत स्टेप ब्लॉक (पायऱ्यांचे ठोकळे), दाबायच्या पट्ट्या, स्टड (आटे पाडलेले दांडे), टी-नट (खाली रुंद होणाऱ्या टी-खाचेत अडकणारे नट) असा पूर्ण क्लॅम्पिंग सेट. दोन्ही घरी आल्यावर कळलं की आपण आपल्या ड्रिलचं टेबल कधी नीट बघितलेलंच नाही.

टेबलाच्या खाचा तिरप्या, कोपऱ्यांकडे जाणाऱ्या. व्हाइसचे कान (बोल्ट लावायच्या बाजूच्या खाचा) सरळ, समोरासमोर. एका वेळी एकच बोल्ट बसे, दुसरा बिडाच्या सपाट भागावर येऊन थांबे. टी-नटची गंमत तर आणखी वेगळी. ते १२ मिलिमीटरच्या टी-खाचेचे, आणि माझ्या टेबलाच्या खाचा टी-आकाराच्या नव्हत्याच! आरपार कापलेल्या साध्या खाचा, वर जेवढ्या रुंद तेवढ्याच खाली. मग सी-क्लॅम्प लावू म्हटलं, तर टेबलाखाली बीड ओतताना ठेवलेल्या फासळ्या. क्लॅम्पचं तोंड फासळीवर तिरकं बसे आणि आवळला की सरके. हे सगळं विकत घेण्याआधी पाच मिनिटं खाली वाकून, टेप लावून कळलं असतं: खाच किती रुंद, आरपार आहे की नाही, फासळ्या कुठे, कडेला क्लॅम्प बसेल अशी सपाट जागा किती.

एक मोजमाप तर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, ते म्हणजे उंची. छोट्या बेंच ड्रिलवर चक (बिट पकडणारा भाग) आणि टेबल यांच्यात जागा मुळात कमी. त्यात व्हाइस, व्हाइसवर काम, वर चकमधलं लांब बिट. जबडा रुंद हवा म्हणून उंच, जड व्हाइस घेतला आणि नेहमीच्या कामासाठी टेबल पार खाली न्यावं लागलं. आज घेतला असता तर बुटका घेतला असता.

सेट मात्र वाया गेला नाही. टी-नट बाजूला ठेवले आणि M10 (१० मिलिमीटर जाडीचा) स्टड खाचेतून खाली सोडून तळाला जाड, मोठा वॉशर आणि साधा नट लावला. वॉशर दोन फासळ्यांच्या मध्ये सपाट बसतो. सेटमधल्या पट्टीचं एक टोक कामावर आणि दुसरं स्टेप ब्लॉकवर टेकवून, मधल्या स्टडने दाबताना स्टड कामाच्या जवळ आणि स्टेप ब्लॉक लांब, हे महत्त्वाचं. स्टडपासून काम पट्टीच्या एक तृतीयांश लांबीवर असेल तर दोन तृतीयांश दाब कामावर पडतो; उलटं केलं तर तोच दाब ब्लॉकला मिळतो आणि काम मोकळंच राहतं. पट्टीची ब्लॉककडची बाजू किंचित उंच ठेवायची, म्हणजे टोक कामावर नीट दाबतं. व्हाइससाठी कान आणि खाचा यांच्यावर आडवी येईल अशी लोखंडी पट्टी कापली, तिला भोकं पाडली आणि प्रश्न मिटला.

मग वाटलं झालं. पण ४० मिलिमीटर उंच तुकड्यात पाडलेलं भोक खालून जवळजवळ १ मिलिमीटर सरकून बाहेर आलं. गुण्या लावला तर टेबल आणि बिट काटकोनात. शेवटी तुकड्याच्या चार कोपऱ्यांखाली कागदाच्या चार पट्ट्या ठेवून व्हाइस आवळला. स्थिर जबड्याकडच्या दोन पट्ट्या घट्ट, सरकत्या जबड्याकडच्या दोन हाताने अलगद निघून आल्या. आवळताना सरकता जबडा वर उचलला जातो आणि कामालाही तिरकं करतो. आता आवळल्यावर नायलॉनच्या हातोडीने काम खाली ठोकतो, पुन्हा थोडं आवळतो, पुन्हा कागद ओढून बघतो. खाली सारख्या उंचीचे दोन पॅरलल (अचूक घासलेल्या लोखंडी पट्ट्या) ठेवले की बिटाला बाहेर पडायला जागाही मिळते आणि व्हाइसच्या बुडाला भोकं पडत नाहीत. (माझ्या व्हाइसला तीन आहेत. कृपया विचारू नका.)

गोल सळईसाठी व्ही-ब्लॉक (V आकाराची खाच असलेला ठोकळा) घेतला, तो मात्र पहिल्या दिवसापासून उपयोगी. सळईचा मध्य शोधायची एक सोपी युक्ती आहे. मशीन बंद ठेवून सळईवर लहान स्टीलची पट्टी आडवी ठेवायची आणि चकमधल्या टोकदार बिटाने हलकेच दाबायची. पट्टी सपाट राहिली तर बिट बरोबर मध्यावर. ती ज्या बाजूला झुकेल त्या बाजूला सळई सरकवायची.

दोन दिशांना सरकणाऱ्या व्हाइसचा मोह मलाही झाला होता. पण तो उंच असतो, स्वस्तातल्याच्या स्क्रूमध्ये ढिलाई असते, आणि तो हातात आला की माणसाला ड्रिलवर मिलिंग (काम बाजूला सरकवत धातू कापणं) करावंसं वाटतं. ड्रिलचे बेअरिंग बाजूच्या जोरासाठी नसतात, टेपरवर (निमुळत्या दांड्यावर) बसवलेला चक निसटूही शकतो. नाही घेतला.

रोजच्या वापरात सर्वात जास्त हात कशाला जातो, तर टेबलावर बोल्टने बसवलेल्या प्लायच्या फळीला आणि एका लॉकिंग क्लॅम्पला. क्लॅम्प लावायला फळीच्या कडा मोकळ्या मिळतात, खालच्या फासळ्यांशी संबंधच येत नाही. पातळ पत्रा असेल तर वरून प्लायचा आणखी एक तुकडा ठेवून दोन्हींच्या मध्ये दाबतो. भोकाला बरही (कडेची धारदार कुसळं) कमी येते. लांब पट्टी असेल तर तिचं डावं टोक मशीनच्या खांबाच्या डाव्या बाजूला टेकवतो. बिट वरून बघता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतं, त्यामुळे पट्टी निसटलीच तर तिचं डावं टोक मागे जाऊन खांबावर अडतं, माझ्याकडे येत नाही. क्लॅम्प तरीही लावतोच.

टी-नट अजून डब्यात आहेत, तेल लावून ठेवलेले. कुणाच्या टेबलाला खरी १२ मिलिमीटरची टी-खाच असेल तर सांगा, देऊन टाकतो. पण आधी मोजून बघा.