फोर्मेंतोरचं दीपगृह : गाडी असूनही बसच्या रांगेत

स्पेनच्या मायोर्का बेटाच्या उत्तर टोकाला फोर्मेंतोरचं भूशिर आहे आणि त्यावर १८६३ साली सुरू झालेलं दीपगृह. जाणार असाल तर आधी हे वाचा. उन्हाळ्याच्या हंगामात दिवसा खासगी गाडी तिथपर्यंत नेता येत नाही, भाड्याचीसुद्धा नाही. २०१८ पासून हे निर्बंध आहेत. तारखा आणि वेळा बदलत असतात, म्हणून निघण्याआधी त्या वर्षीच्या बघून घ्या.

आम्हाला हे कोणीही सांगितलं नाही. भाड्याची गाडी ताब्यात घेताना मी काउंटरवरच्या माणसाला नकाशावर बोट ठेवून विचारलं, "इथपर्यंत जाता येईल ना?" "हो, रस्ता फार सुंदर आहे," म्हणाला आणि जादा विम्याकडे वळला. भूशिराच्या अलीकडच्या पोर्ट दे पोयेन्सा गावात पोहोचल्यावर बंदीचा फलक दिसला. गाड्यांचे नंबर कॅमेरा टिपतो आणि दंड होतो, तेव्हा पुढे जायचा प्रश्नच नव्हता.

मग बसची रांग. थांब्यावर सावली नावालाच. आई-बाबा पुण्याहून आलेले, दोघंही सत्तरीच्या पुढचे. बस जवळच्या आल्कुदिया गावाकडून यायची ती भरूनच. पहिली थांबलीच नाही. दुसऱ्या बसच्या ड्रायव्हरने दार अर्धवट उघडून दोन बोटं दाखवली, म्हणजे दोनच जागा. रांगेतली पुढची दोघं चढली आणि दार बंद. पुढच्या बसमध्ये किती जागा असतील, हे विचारायला तिथे माणूस नव्हता. आई म्हणाली, "तुम्ही दोघं जाऊन या, मी बसते इथे." ते ऐकून जो संताप झाला तो अजून उतरलेला नाही. म्हाताऱ्या माणसांना भर उन्हात ताटकळत ठेवायचं आणि काउंटरवर एक वाक्य बोलायचं नाही, हे मला पटत नाही.

शेवटी रांगेतल्या एका स्थानिक बाईंनी उपाय सांगितला: बस सुटते तिथे, आल्कुदियाला जाऊन बसा. गाडी वळवली, आल्कुदियाला लावली, तिघांनाही खिडकीजवळ जागा मिळाली. मघाच्या थांब्यावरून जाताना रांग तेवढीच होती.

दीपगृहाकडे जाणारा रस्ता आंतोनियो परिएत्ती या अभियंत्याचा. याच बेटावरचा सा कालोब्राचा प्रसिद्ध नागमोडी रस्ताही त्याचाच. बस बोगद्यातून जाते, वळणांवर सायकलवाले चिकटून चाललेले असतात, कठड्यावर बकऱ्या निवांत उभ्या. वाटेत एस कोलोमेरच्या सज्जावर, म्हणजे देखावा बघायच्या जागी, उतरायचं असेल तर परतीच्या बसमध्ये पुन्हा जागा मिळेलच असं नाही, हे धरून चाला. आम्ही उतरलो नाही.

दीपगृहाचा दिवा समुद्रापासून २१० मीटर उंचावर आहे. एमिली पोऊ या अभियंत्याने ते बांधलं, तेव्हा हा रस्ताही नव्हता. जुनी पायवाट अजून आहे, गुडघे धड असतील त्यांनी ती जरूर चालावी. बाबा कठड्याला धरून उभे राहिले आणि पूर्वेला शेजारच्या मिनोर्का बेटाची पुसट रेघ त्यांनीच आधी दाखवली. वारा इतका की टोपी हातात धरावी लागते.

आणि हो, पाणी खालूनच भरून न्या. परतीची बस शेवटची धरू नका, त्याच्या आधीची धरा.