महाडची नगरपालिका, एक ठराव, आणि मत नेमकं होतं कोणाला

परवा जुने कागद चाळताना आमच्या घरी २००१ सालची एक मतदान चिठ्ठी सापडली, पिवळी पडलेली, आणि मग काय डोक्यात चक्र सुरू झालं. आमच्याकडे विधानसभेपेक्षा नगरपालिकेची निवडणूक जास्त तापते हे महाडच्या माणसाला सांगायची गरज नाही, रिक्षाला भोंगे लागले की पंधरा दिवस दुपारची झोप विसरायची. पण या गावच्या पालिकेला केवढा मोठा इतिहास आहे हे आपण वर्षातून एकदा, २० मार्चला, आठवतो आणि तेव्हाही बोलतो फक्त चवदार तळ्याबद्दल. पालिकेबद्दल, म्हणजे ज्या सभागृहात तो विषय आधी मंजूर झाला आणि नंतर परत फिरवला गेला त्याबद्दल, फार कोणी बोलत नाही.

तर क्रम असा आहे. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला की सरकारी पैशातून चालणारी पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कोर्टं, दवाखाने अस्पृश्यांना खुली असावीत. त्याला धरून जानेवारी १९२४ मध्ये महाड पालिकेने चवदार तळं सगळ्यांना खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर काम फत्ते. पण तळ्यावर जायची सोय प्रत्यक्षात कोणी करून दिली नाही, तीन वर्षं तो ठराव दप्तरातच पडून राहिला, म्हणून तर १९२७ च्या मार्चमध्ये महाडला अस्पृश्यांची परिषद झाली आणि २० मार्चला बाबासाहेबांसोबत हजारो लोकांनी तळ्यावर जाऊन पाणी प्यायलं. परिषद महाडात भरवण्यात सुरबानाना टिपणीसांचा हात होता, आणि ते आमच्या पालिकेचे अध्यक्ष राहिलेले, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पुढचं माहीतच आहे, अस्पृश्य आता गावातल्या वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठली, परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली, मग १०८ घागरी पाणी काढून पंचगव्य ओतून तळं "शुद्ध" केलं.

आणि मग ४ ऑगस्ट १९२७. बोलेंच्या ठरावाला बरोबर चार वर्षं झाली त्याच तारखेला महाड पालिकेने स्वतःचा १९२४ चा ठराव रद्द केला.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खूप राग आला होता, आजही येतो. पण नंतर एक प्रश्न मनातून जाईना, की निवडून आलेल्या माणसांनी असं केलं कसं, त्यांना पुढच्या निवडणुकीची भीती नाही वाटली? तर उत्तर सोपं आहे, भीती होती पण ती दुसऱ्या बाजूची होती. इंग्रजांच्या काळात पालिकेचं मत सगळ्यांना नव्हतंच. व्हाइसरॉय लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या धोरणानंतर १८८४ च्या मुंबई प्रांताच्या कायद्याने निम्मे तरी सभासद निवडून द्यायची पद्धत आली, पण मतदार कोण, तर ज्याची मालमत्ता आहे, जो कर भरतो, किंवा शिकलेला आहे तो. म्हणजे ज्यांना तळ्यावर पाणी हवं होतं त्यातल्या बहुतेकांना नगरसेवक निवडायचाच हक्क नाही, आणि ज्यांना ते नको होतं त्यांच्या हातात नगरसेवकाची खुर्ची. मग ठराव फिरणारच ना. बाबासाहेबांना हे पुरतं कळलेलं होतं, १९२८ साली राज्यकारभारातल्या सुधारणा तपासायला आलेल्या ब्रिटिशांच्या सायमन कमिशनपुढे, आपणच स्थापलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या निवेदनात त्यांनी प्रौढ मताधिकार मागितला, शिक्षण-मालमत्ता काही न बघता. महाडनंतर जेमतेम वर्षभराने. हा योगायोग असेल असं मला तरी वाटत नाही.

तळ्याचा दावा पुढे कोर्टात गेला, डिसेंबर १९२७ मध्ये विरोधकांनी मनाई हुकूम आणल्यामुळे दुसऱ्या परिषदेत सत्याग्रह तहकूब करावा लागला आणि मार्च १९३७ मध्ये हायकोर्टाने शेवटी निकाल अस्पृश्यांच्या बाजूने दिला. दहा वर्षं! पालिकेने आपल्याच ठरावाला धरून राहायचं ठरवलं असतं तर कदाचित इतकी गेली नसती.

स्वातंत्र्यानंतर सरसकट सगळ्या प्रौढांना मत मिळालं, १९६५ चा नगरपरिषद कायदा आला, तो अजून चालतो. मधली वर्षं मी भरभर सांगतो कारण त्यातलं मला फारसं भावत नाही, पण दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. एक म्हणजे ७४ वी घटनादुरुस्ती, १ जून १९९३ पासून लागू झाली, तिने महिलांना एक तृतीयांश जागा आणि अनुसूचित जाती-जमातींना राखीव जागा नक्की केल्या, २०११ पासून महाराष्ट्रात महिलांच्या निम्म्या झाल्या. १९२७ च्या सभागृहाशी तुलना करून बघा, केवढा फरक. दुसरं म्हणजे नगराध्यक्ष. थेट जनतेतून की नगरसेवकांतून, हे सरकारं बदलतील तसं बदलत राहिलं, १९७४ ला थेट, २००१ ला पुन्हा थेट, नंतर रद्द, २०१६ ला परत थेट, २०२० ला रद्द, २०२२ ला परत थेट. मला थेट निवडच पटते, नाहीतर नगरसेवक सहलीला नेऊन ठेवायचे प्रकार होतात. पण खेळाचे नियम सारखे बदलू नयेत हेही तितकंच खरं.

२०१६ ची निवडणूक नोटाबंदीच्या महिन्यातच होती, अख्खं गाव बँकेच्या रांगेत आणि प्रचार पण रांगेतच चाललेला. त्या सभागृहाची मुदत संपली आणि मग निवडणूकच झाली नाही! ओबीसी आरक्षणाचा वाद सुप्रीम कोर्टात, वॉर्डरचनेचे घोळ, आणि पालिका प्रशासकाच्या हातात. घटनेत स्पष्ट लिहिलंय की पाच वर्षांची मुदत संपायच्या आत निवडणूक पूर्ण झाली पाहिजे, तरी राज्यभर हे चाललं, शेवटी मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने चार महिन्यांत निवडणुका घ्या सांगितलं आणि २ डिसेंबर २०२५ ला नगरपरिषदांसाठी मतदान झालं. त्या मधल्या काळात गल्लीतलं गटार तुंबलं की कोणाकडे जायचं हे कोणाला माहीत नव्हतं. २०२१ च्या जुलैच्या पुरानंतर तर गावाला स्वतःचं सभागृह सगळ्यात जास्त हवं होतं.

मला मनापासून वाटतं की आमच्या पालिकेच्या सभागृहात ते दोन्ही ठराव, १९२४ चा आणि १९२७ चा, शेजारी शेजारी फ्रेम करून लावावेत, नव्या नगरसेवकाने खुर्चीवर बसताना समोर दिसतील असे. खाली फक्त तारखा लिहाव्यात, बाकी काही नको.