गिटार आणि माझी डावी बाजू

नवीन गिटार शिकताना बोटं दुखतातच, हे सगळेच सांगतात आणि ते खरंही आहे. स्टीलच्या तारांवर बोटांची टोकं निबर व्हायला काही आठवडे जावेच लागतात. माझं मात्र मनगट आणि अंगठ्याचा तळवाही ठणकायचा आणि ते काही नुसत्या सरावानं कमी होईना.

ओळखीतल्या एका वादकानं माझी गिटार हातात घेतली आणि काही वाजवण्याआधी बाराव्या फ्रेटपाशी, म्हणजे गळ्यावरच्या बाराव्या आडव्या धातूच्या काडीपाशी, मोजपट्टी लावली. जाड तारेखाली साडेतीन मिमी अंतर होतं. अकूस्टिकला (विजेशिवाय वाजणाऱ्या गिटारला) अडीचच्या आसपास पुरतं. मग पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावून मला अवघड जाणाऱ्या एफ कॉर्डचाच (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे सूर) आकार एक घर (दोन फ्रेटमधली जागा) पुढे धरायला लावला. एकदम सोपं गेलं! म्हणजे नटच्या (गळ्याच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचाही उथळ होत्या आणि तारा तिथेच उंच राहत होत्या. दुरुस्तीवाल्यानं खाचा खोल केल्या, सॅडल (खालच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) खालून घासून 2 मिमीनं उतरवलं. बारावं फ्रेट तारेच्या मधोमध येतं, त्यामुळे तिथे 1 मिमी उतरवायला सॅडलमधून दुप्पट काढावं लागतं. तारांचा ‘बारा’चा सेट काढून ‘दहा’चा चढवला, म्हणजे सगळ्यात बारीक तार 0.010 इंचाची. आवाज जरा पातळ झाला, पण मला चालला. नवशिक्याच्या हाती अवघड गिटार देऊन वर ‘सराव कर’ म्हणणं मला तरी पटत नाही.

अर्थात उरलेला दोष हाताचा होता. त्यावर एक व्यायाम फार उपयोगी पडला. बोट तारेवर नुसतं टेकवायचं, उजव्या हातानं तार छेडत राहायची आणि दाब अगदी हळूहळू वाढवायचा. आधी बद्द आवाज येतो, मग तार झणझणते, मग एका क्षणी सूर स्वच्छ लागतो. तिथेच थांबायचं. मी त्याच्या कितीतरी पट जोर लावत होतो. बोट फ्रेटच्या धातूला अगदी लागून, किंचित मागे ठेवलं तर हा दाब आणखी कमी लागतो. घराच्या मध्यावर ठेवलं की वाढतो.

एफच्या बार कॉर्डबद्दलही असंच. पहिल्या बोटानं (तर्जनीनं) सहाही तारा दाबायच्या, या धास्तीनं हात आखडतो. प्रत्यक्षात मधल्या तीन तारा बाकीची बोटं सांभाळतात. पहिल्या बोटाकडे कडेच्या दोन बारीक तारा आणि सगळ्यात जाड तार एवढंच काम. ते बोट किंचित अंगठ्याच्या बाजूला कलवलं आणि अंगठ्यानं चिमटा काढण्याऐवजी कोपर मागे ओढल्यासारखं केलं, तेव्हा अंगठ्याचं दुखणं थांबलं.

बसण्याचं म्हणाल तर, बसूनही पट्टा लावतो. गिटार पट्ट्यावर राहते, डावा हात तिला तोलत बसत नाही.

कॉर्ड बदलताना काय हलतं हे बघण्यापेक्षा काय हलत नाही ते आधी बघतो. सी वरून ए मायनरला जाताना फक्त तिसरं बोट उठतं, बाकी दोन जागीच. हे कळेपर्यंत सगळा पंजा उचलून पुन्हा मांडणं चालायचं.

बार कॉर्डांनी खच्चून भरलेलं गाणं आलं की मी अजूनही कॅपो लावून सोप्या आकारांत वाजवतो. काही जण याला पळवाट म्हणतात. म्हणोत.