प्रोसेसची मर्यादा वाढवण्याआधी

नागपूरच्या कळमना बाजारात एका अडत्याच्या कार्यालयात डेबियन या लिनक्स प्रणालीवर चालणारा संगणक आहे आणि संत्र्यांच्या हंगामात त्यावर दिवसभर पावत्या निघतात. यंदा दुपारनंतर त्यावर ब्राउझर उघडेनासा झाला आणि मेमरी भरपूर मोकळी असूनही टर्मिनलमध्ये प्रत्येक आज्ञेला ‘फोर्क: रिट्राय: रिसोर्स टेम्पररिली अनअव्हेलेबल’ एवढेच उत्तर येऊ लागले; म्हणजे फोर्क, अर्थात नवी प्रोसेस (चालू प्रोग्राम) सुरू करणे, जमत नव्हते.

अशा वेळी वापरकर्त्याला किती प्रोसेस चालवता येतील, तो ‘आकडा वाढवा’ हा सल्ला लगेच मिळतो. तो मला पटत नाही, कारण मुळात मर्यादा एक नसून दोन असतात: एक ‘यूलिमिट -यू’ या आज्ञेने दिसणारी आणि दुसरी सिस्टमडीने (प्रणालीतील सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रामने) वापरकर्त्याच्या स्लाइसवर, म्हणजे त्याच्या प्रोसेसच्या गटावर, घातलेली ‘टास्क्समॅक्स’. दुसरी गाठली गेली, तर कर्नलच्या (प्रणालीच्या गाभ्याच्या) नोंदींत सहसा पिड्स कंट्रोलरने, म्हणजे गटातील प्रोसेस मोजणाऱ्या भागाने, फोर्क नाकारल्याची ओळ सापडते. येथे ती नव्हती, उलट पहिली मर्यादा ठरवणाऱ्या ‘लिमिट्स.डी’ फोल्डरमधील एका फाइलमध्ये 1024 हा आकडा कोणीतरी लिहून ठेवलेला होता. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स 6 मध्ये सामान्य वापरकर्त्यांसाठी हाच आकडा असे, त्यामुळे तो एखाद्या जुन्या मार्गदर्शिकेतून उतरवला गेला असावा.

प्रोसेस मोजल्या, तर त्या 1024 च्या जवळपासही नव्हत्या. याचे कारण असे की कर्नल या मर्यादेत थ्रेडही (प्रोसेसच्या आत समांतर चालणारी कामे) मोजतो, आणि तेही त्या वापरकर्त्याच्या सगळ्या सत्रांतले मिळून; म्हणून प्रोसेसची यादी देणाऱ्या ‘पीएस’ला ‘-एल’ जोडल्याशिवाय खरा हिशेब लागत नाही. अर्थात, फोर्कच होत नसेल तर ‘पीएस’ तरी कसे चालणार? मर्यादा वापरकर्त्यागणिक असल्याने कंट्रोल-ऑल्ट-एफ3 दाबून दुसऱ्या खात्याने आत जाता येते. तेही शक्य नसल्यास उघड्या शेलमधील (टर्मिनलमध्ये आज्ञा घेणाऱ्या प्रोग्राममधील) प्रोसेस थांबवणारी ‘किल’ ही आज्ञा कामी येते, कारण बॅश या शेलमध्ये ती अंगभूत असल्याने तिला नवी प्रोसेस लागत नाही.

यादीत एकाच स्क्रिप्टच्या शेकडो प्रती निघाल्या. ठरल्या वेळी कामे सुरू करणारा क्रॉन ती दर मिनिटाला सुरू करत होता, नेटवर्कवरील प्रिंटर उत्तर देत नव्हता आणि प्रत्येक प्रत त्याची वाट पाहत ताटकळत होती. ‘फ्लॉक -एन’ने एका वेळी एकच प्रत चालेल अशी सोय केली, ‘टाइमआउट’ने वाट पाहण्याला मुदत घातली, आणि मगच मर्यादा 4096 केली, कारण आजचा ब्राउझर एकटाच शेकडो थ्रेड उघडतो. हा बदल चालू सत्राला लागू होत नाही. पुन्हा लॉगिन केल्यावर ‘प्रॉक’ फोल्डरमधील नव्या सत्राच्या प्रोसेसची ‘लिमिट्स’ फाइल वाचून तो खरोखर उतरला आहे की नाही, हे पाहावे लागते.