तक्रार केली तर नोकरी जाईल का?

सरकारी ठेक्यातली गडबड कळवली तर नोकरी जाईल का, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मी जळगावला लेबर कोर्टात वकिली करतो आणि माझ्याकडं येणारे बरेच लोक सरकारी कामावरचे ठेकेदाराचे कामगार असतात. वीज केंद्र, रेल्वे, नगरपालिकेची सफाई, हॉस्पिटलचं हाउसकीपिंग, खान्देशात पक्की नोकरी कमी आणि ठेक्याची जास्त. ठेक्यात गडबड दिसली की माणूस येतो आणि एकच प्रश्न विचारतो, "तक्रार करी तं मनी नोकरी जाई का भाऊ?"

खरं सांगायचं तर जाऊ शकते. "काही होत नाही, बिनधास्त कर" असं सांगणारे भरपूर भेटतील, पण महिना भरला की त्याच्या घरचा किराणा ते भरणार नाहीत. मी एवढंच सांगतो की आधी काय करायचं आणि नंतर काय याच्यावर खूप काही ठरतं आणि बहुतेक लोक नेमकं उलटं करतात.

गडबड कशी असते ते बघा. सरकारी ठेक्यात बिल पास व्हायला ठेकेदाराला हजेरीपत्रक, बँकेत पगार टाकल्याचं स्टेटमेंट आणि पीएफ आणि ईएसआयसी (कामगार विमा) भरल्याचं चलन जोडावं लागतं. कागदावर सगळं चोख असतं, किमान वेतन पूर्ण खात्यात जमा. पण एटीएम कार्ड ठेकेदाराच्या मुनीमाकडं असतात, रबर लावलेला गठ्ठा, प्रत्येक कार्डावर चिकटपट्टी आणि तिच्यावर पिन लिहिलेला. पगार पडला की तो मशीनवर जाऊन ठरलेल्या कमी पगाराच्या वरची फरकाची रक्कम काढून घेतो आणि उरलेलं कामगाराच्या हातात. दुसरा प्रकार म्हणजे एकाच पीएफ चलनाची झेरॉक्स दोन वेगळ्या साईटच्या बिलांना जोडायची. सही करणाऱ्या साहेबानं चलनासोबतच्या यादीतली नावं गेटच्या हजेरीशी एकदा जुळवून बघितली तरी हे पकडलं जातं, पण बघतं कोण.

असंच एका साईटवरचा टाइमकीपर, म्हणजे हजेरी लिहिणारा पोरगा माझ्याकडं आला, यावलकडचा. त्यानं असं दोनदा जोडलेलं चलन पकडलं होतं, फोटो काढले आणि रागाच्या भरात साहेबांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकून दिले. दुसऱ्या दिवशी गेटवर सिक्युरिटीवाला म्हणे तुझा पास बंद आहे. बस. नोटीस नाही, लेटर नाही, चौकशी नाही. ठेक्यात माणसाला काढत नाहीत, त्याचा गेटपास रिन्यू करत नाहीत, आणि नंतर ठेकेदार कोर्टात सांगतो की हा स्वतःच कामावर यायचा बंद झाला.

म्हणून पहिलं काम, तोंड उघडायच्या आधी, तू तिथं काम करतोस याचा कागद गोळा कर. जुने गेटपास, पगाराची स्लिप, बँक पासबुक, यूएएनचं (पीएफ नंबरचं) पासबुक, हजेरीचे मेसेज. फक्त स्वतःचे. ऑफिसच्या कपाटातली फाईल उचलून आणू नको, चोरीची केस तुझ्यावरच लागेल आणि मूळ गडबड राहील बाजूला. बिलं आणि चलनं माहितीच्या अधिकारात मागता येतात, राज्याचं ऑफिस असेल तर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, आणि 2005 च्या त्या कायद्यात माहिती कशाला पाहिजे हे सांगावं लागत नाही, त्यामुळे अर्ज तूच करायला पाहिजे असंही नाही, युनियनचा माणूस करू शकतो, दुसऱ्या गावचा मामा करू शकतो.

दुसरं, पहिलं पत्र भ्रष्टाचाराचं नको, स्वतःच्या पैशाचं लिही, चार-पाच जणांच्या सह्यांनी, ठेकेदाराला आणि ज्याचं काम आहे त्या ऑफिसलाही. ठेकेदारानं पगार बुडवला तर मुख्य कंपनीनं, म्हणजे ज्याचं काम आहे त्यानं, द्यायचा हे 1970 च्या ठेका कामगार कायद्यात होतं आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नवीन लेबर कोडमध्येही आहे. पीएफच्या 1952 च्या स्कीममध्ये तर ठेकेदाराच्या माणसांचा हप्ता भरायची जबाबदारी मुख्य कंपनीवरच टाकलेली आहे. हे पत्र इनवर्ड झालं, म्हणजे ऑफिसात त्याची नोंद झाली की त्या साहेबाला "मला माहीत नव्हतं" म्हणता येत नाही. आणि गेटवर अडवलं तर त्याच दिवशी स्पीड पोस्टनं दोघांना कळव की मी कामाला तयार आहे, मला आत सोडत नाहीत. त्या पोरानं हे पत्र माझ्याकडं आल्यावर पाठवलं, त्याच्यामुळंच केस उभी राहिली, बाकीच्यांना फरक मिळाला कारण ऑफिसनं ठेकेदाराचं बिल अडवलं. त्याला स्वतःला मात्र पुढचा ठेकेदार येईपर्यंत केळीच्या गाड्या भरायला जावं लागलं आणि याचं मला अजून वाईट वाटतं.

कारण कायदा इथं खरंच तोकडा पडतो. बिहारमध्ये हायवेच्या कामातली गडबड कळवणाऱ्या सत्येंद्र दुबे या इंजिनिअरचा 2003 मध्ये खून झाला, त्यानंतर 2004 मध्ये केंद्रानं तक्रार करणाऱ्याचं नाव गुप्त ठेवायचा ठराव काढला, 2014 मध्ये संसदेनं व्हिसलब्लोअर, म्हणजे गडबड कळवणाऱ्याला संरक्षण देणारा कायदा पास केला, राष्ट्रपतींची सही झाली, आणि तो लागूच केला नाही. अमेरिकेत 1863 पासूनच्या कायद्यानं सरकारला फसवणाऱ्या ठेकेदारावर साधा कामगारसुद्धा सरकारच्या वतीनं केस टाकू शकतो आणि वसुलीतले 15 ते 30 टक्के त्याला मिळतात. आपल्याकडं ठेक्याचा कामगार थेट इंडस्ट्रियल कोर्टात गेला तर पहिला प्रश्न येतो, तू या कंपनीचा कामगार आहेस का, आणि तिनं नाही म्हटलं की सुप्रीम कोर्टाच्या 2001 च्या कल्याणी स्टील्स आणि सिप्ला या निकालांप्रमाणे ते आधी दुसरीकडं वेगळी केस करून सिद्ध करून ये. यात वर्षं जातात.

साहेबच सामील असेल तर? राज्याचं खातं किंवा नगरपालिका असेल तर अँटी करप्शनचा 1064 नंबर आहे. रेल्वे किंवा केंद्राची कंपनी असेल तर 2004 चा तो ठराव वापरा. तक्रार पोस्टानंच, बंद पाकिटात, केंद्रीय दक्षता आयोगाच्या सचिवांच्या नावे दिल्लीला, पाकिटावर PIDPI (पीआयडीपीआय, त्या ठरावाचं इंग्रजी छोटं नाव) एवढं इंग्रजीत लिहायचं आणि स्वतःचं नाव बाहेर कुठंही नाही. आत मात्र नाव, पत्ता, सही पाहिजेच, निनावी पत्र ते घेत नाहीत. आणि तीच कॉपी कलेक्टर, आमदार, पेपरवाले सगळ्यांना पाठवू नका, नाव तुम्हीच उघड केलं तर आयोग तिला साधी तक्रार धरतो.