नाशिक ते लंडन: तिकिटावर दहा तास, दारापासून दारापर्यंत एकवीस

एप्रिलमध्ये आईला घेऊन ताईकडे लंडनजवळच्या रेडिंगला जाऊन आलो. मुंबई ते लंडन हवाई अंतर साधारण ७,२०० किलोमीटर, जाताना विमान दहा तासांचं. आई ७२ वर्षांची. "दहा तास काय, बसेन की," म्हणाली. पण पहाटे ५ला नाशिकच्या पाथर्डी फाट्यावरून निघालो आणि ताईच्या दारात पोचलो तेव्हा आपल्याकडे रात्रीचे पावणेदोन वाजले होते. पावणेएकवीस तास! वयस्कर माणूस सोबत असेल तर हाच आकडा धरून चाला.

इगतपुरीला समृद्धी महामार्गावर चढलो. कसारा घाट टळला आणि जवळपास ८ किलोमीटरचा बोगदाही पटकन संपला. भिवंडीजवळ आमण्याला समृद्धी संपतो, तिथपर्यंत आई निवांत झोपली होती. पुढे ठाण्याकडे येताना वडपे ते माजिवडा मात्र ट्रकांच्या रांगेत इतके रखडलो की छातीत धडधड व्हायला लागली. मुंबई विमानतळाच्या टर्मिनल २ला सव्वानऊ वाजले. विमान दीडचं होतं म्हणून निभावलं. उड्डाणाआधी तीन तास पोचायचं असतं, त्यात रस्त्यासाठी आणखी दीड तास हाताशी ठेवाच.

नाशिकच्याच ओझर विमानतळावरून दिल्लीमार्गे का नाही, असं बऱ्याच जणांनी विचारलं. घाट-रस्ता वाचतो, हे खरं. पण दोन वेगळी तिकिटं काढलीत तर दिल्लीत सामान स्वतः घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागतं, आणि देशांतर्गत विमानात सहसा १५ किलोच चालतं. पूर्ण प्रवासाचं एकच तिकीट मिळत असेल तरच त्या वाटेला जा.

व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागा. हीथ्रोला विमानापासून इमिग्रेशनपर्यंतची चाल आईला झेपलीच नसती. विमानात दर दोन तासांनी तिला उठवून चार पावलं चालवलं. रक्तदाबाच्या गोळ्यांच्या वेळा मात्र डॉक्टरांकडून आधीच लिहून घेतल्या होत्या. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्या साडेचार तास मागे असतं, हिवाळ्यात साडेपाच, त्यामुळे रात्रीची गोळी नेमकी कधी घ्यायची, याचा घोळ होतो.

सामानात तूप, पेढे, खव्याचं काहीही नको. भारतातून दुधाचे पदार्थ तिथे नेता येत नाहीत. ताईसाठी द्राक्षांची पेटी न्यायची आईची फार इच्छा होती, पण त्यालाही वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. शेवटी चिवडा आणि मेतकूट नेलं. नाशिकची द्राक्षं ताईने तिथल्याच दुकानातून आणून आईपुढे ठेवली, तेव्हा आईचे डोळे भरून आले.

येताना विमानाला नऊच तास लागले. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, तो येताना पाठीशी असतो आणि जाताना समोरून येतो. पण तासभर वाचला तरी पूर्वेकडे येताना झोप जास्त बिघडते. मुंबईत सकाळी साडेदहाला उतरलो, आणि आईची झोप रुळावर यायला पाच दिवस गेले. आल्यावर तिसऱ्याच दिवशी आम्ही सत्यनारायण ठेवला होता. तिला तसं ताटकळत बसवायला नको होतं. पूजा, लग्नकार्य, काही असलं तरी आठवडाभर पुढे ढकला. गाडीसुद्धा परतीला स्वतः चालवू नका, ड्रायव्हर आधीच सांगून ठेवा.